शिक्षकांना हसवत निरोप द्यायचा असेल तर

शाळा सोडताना शिक्षकांसाठी निरोपाचे गंभीर भाषण लिहायला फार कष्ट पडत नाहीत. ‘ज्ञानाची शिदोरी’, ‘पंखांना बळ’ आणि ‘आपण आम्हांला घडवलेत’ एवढ्या भांडवलावर पाच मिनिटे आरामात निघतात. विनोदी निरोपाला हे भांडवल चालत नाही. समोर शिक्षक, त्यांच्या शेजारी त्यांचे सहकारी, मागे सगळी शाळा, आणि त्या शिक्षकांच्याच सवयींवर सगळ्यांना हसवायचे, त्यांना स्वतःलासुद्धा. शेलापागोटे म्हणजे एकेकावरचे विनोदी शेरे (फिशपॉन्ड) असोत, नकला असोत, खोटे पुरस्कार असोत की लुटुपुटीचा वर्ग, जमले तर स्टाफरूममध्ये पुढे कित्येक वर्षे आठवण निघते. फसले तरी निघते.

कसोटी एकच ठेवा. शिक्षकाचे नाव झाकून मजकूर वर्गातल्या दुसऱ्या कुणाला वाचून दाखवा. त्याने लगेच नाव सांगितले तर मजकूर ठेवायचा. ‘कुणीही असू शकेल’ म्हणाला तर फाडायचा. ‘गणिताचे सर म्हटले की पोटात गोळा येतो’ हे वाक्य जगातल्या कुठल्याही शाळेत खपते, म्हणून ते तुमच्या शाळेत कुणाला हसवणार नाही. ‘सर फळ्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकट आखून त्यात “पुसू नये” लिहायचे आणि पुढच्या तासाला स्वतःच पुसायचे’, हे मात्र एकाच माणसाचे असते. मोबाइलवर फिरणारे तयार शिक्षक-विद्यार्थी विनोद याच कारणाने पडतात. शिवाय ते शिक्षकांनी तुमच्या आधी वाचलेले असतात.

पहिले काम यादीचे. आठवणीतून यादी करू नका, हमखास कुणीतरी राहते. या वर्षीचे वेळापत्रक घ्या, मागच्या वर्षांचे मिळाले तर तेही घ्या, आणि त्यावरून नावे उतरवा. मग वेळापत्रकात न दिसणारी माणसे जोडा: प्रयोगशाळा सहायक, ग्रंथपाल, कार्यालयातले क्लार्क, घंटा देणारे मामा, झाडलोट करणाऱ्या मावशी, बदली शिक्षक, दीर्घ रजेवर गेलेले शिक्षक. एखादा विनोद पडला तर शिक्षक तो विसरतात. वीस जणांचे नाव घेतले आणि आपलेच राहिले, हे मात्र कुणी विसरत नाही. यादी पूर्ण झाली की ती वर्गाबाहेरच्या एका माणसाकडून तपासून घ्या.

आता वेळेचा हिशेब. मोठ्याने, सावकाश मराठी वाचताना मिनिटाला साधारण ११० शब्द होतात. प्रत्येक शिक्षकाला ४५ सेकंद धरली तर ऐंशी शब्द मिळतात, म्हणजे चार-पाच वाक्ये. २० नावांची १५ मिनिटे झाली. त्यात हशा, टाळ्या, ये-जा मिळवण्यासाठी १.३ ने गुणा, म्हणजे २० मिनिटे. सुरुवात आणि शेवट धरून अर्ध्या तासाच्या आत बसते, आणि अर्ध्या तासापलीकडे कितीही चांगला विनोद असला तरी खुर्च्या सरकायला लागतात. नावे ३५ असतील तर प्रत्येकाला पाऊण मिनिट देता येणार नाही. तेव्हा काही जणांना विषयवार एकत्र घ्या, पण प्रत्येकाचे स्वतःचे असे निदान एक वाक्य हवेच.

सामग्री गोळा करायला एक वही फिरवा. एका शिक्षकाला एक पान, पानावर चार रकाने: नेहमीचे वाक्य, हातवारे, कायम जवळ असणारी वस्तू, आणि वही किंवा पेपर तपासण्याची पद्धत. चौथा रकाना लोक विसरतात आणि खरा खजिना तिथे असतो. ‘छान’, ‘बरे’, ‘पाहिले’ यांतला फरक, अर्धा गुण देताना काढलेले चिन्ह, समासातले प्रश्नचिन्ह, लाल पेन संपल्यावर हिरव्याने केलेली सही. निदान पाच-सहा जणांनी प्रत्येक पानावर काही लिहिलेले हवे. एकाच मुलाने लिहिलेली गोष्ट बहुधा फक्त त्याच्या बाकावरून दिसलेली असते.

बोलके, लाडके शिक्षक तीन पाने भरून देतात. अडचण शांत शिक्षकांची. ते वेळेवर येतात, शिकवतात, जातात. त्यांच्या पानावर काही सुचत नाही आणि मग ‘बाई खूप छान शिकवतात, त्या खूप प्रेमळ आहेत’ असे दोन ओळींचे आटोपते. बाकी सगळ्यांवर हशा पिकला असताना असे कौतुक वाट्याला येणे म्हणजे सभ्य शब्दांत केलेली गैरहजेरीची नोंद. अशा शिक्षकांसाठी दोन आठवडे मुद्दाम लक्ष ठेवा. त्या फळा कुठून पुसायला घेतात, वरून की डावीकडून? खडू तुटला की कुठला तुकडा ठेवतात? वर्गात गोंधळ असला तर दारात किती वेळ उभ्या राहतात? तारीख कुठे लिहितात? प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबताना खिडकीबाहेर बघतात की हातातल्या पुस्तकात? यातले एक निरीक्षण नेमके निघाले तर सगळ्यात मोठा हशा त्यांच्या नावावर पडतो, कारण सगळ्यांनी ते पाहिलेले असते आणि कुणी कधी बोललेले नसते.

याच वर्षी आलेल्या शिक्षकांबद्दल सामग्री नसते. ती नसणे हीच सामग्री करा. त्यांना अजून स्टाफरूममधली आपली खुर्ची कुठली ते ठरवता आलेले नाही, एवढ्यावरही चार ओळी होतात.

काय लिहायचे नाही

शरीर, रंग, उंची, टक्कल, जात, धर्म, बोलीचा लहेजा, लग्न, मुलेबाळे, आजारपण, पगार, बदली. यावर एक शब्दही नाही. ‘सर स्वतःच त्यावर विनोद करतात’ हे कारण चालत नाही. माणूस स्वतःवर हसतो तेव्हा लगाम त्याच्या हातात असतो. दोन शिक्षकांच्या मैत्रीवर किंवा भांडणावर सूचक बोलणे त्याहून वाईट. आणखी एक सीमा फार जणांच्या लक्षात येत नाही: शिकवण्याच्या कुवतीवर विनोद नको. ‘सरांचे आम्हांला कधी काही कळले नाही’ हे मुलांना निरुपद्रवी वाटते, पण मुख्याध्यापक समोर बसलेले असताना ती तक्रार होते.

उरतात त्या सवयी. त्यावरही विनोद रचताना एक साधा नियम पाळा: सवय शिक्षकाची, फजिती विद्यार्थ्याची. ‘बाई इतका गृहपाठ द्यायच्या की…’ यापुढे ‘…की त्यांना स्वतःलाच तपासायला वेळ नसायचा’ असे लिहिले तर चिमटा बाईंना बसतो. ‘…की एका मुलाने कंटाळून शेवटी तो केला’ असे लिहिले तर हसू वर्गावर येते आणि बाईंचा दरारा शाबूत राहतो.

टोपणनावे जवळपास कधीच नकोत. आपण ठेवलेले नाव शिक्षकांना माहीत नसते असे मुलांना वाटते. त्यांना ते माहीत असते, फक्त आपल्याला ते माहीत आहे हे त्यांना चारचौघांत दाखवायचे नसते.

निनावी चिठ्ठ्यांची पेटी ठेवून त्यातले फिशपॉन्ड जसेच्या तसे मंचावर वाचण्याची पद्धत माझ्या मते सगळ्यात धोक्याची. नाव नसले की लिहिणाऱ्याचा हात सैल सुटतो, आणि वाचणारा निवेदक पुढचा शब्द काय आहे हे वाचेपर्यंत तो बोललेला असतो. पेटी ठेवायचीच असेल तर कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी बंद करा, दोघांनी बसून सगळ्या चिठ्ठ्या वाचा आणि त्यांच्याकडे कच्चा माल म्हणून बघा. चिठ्ठीतले निरीक्षण घ्या, भाषा आपली वापरा.

लिहिणे

मराठी वाक्य क्रियापदावर संपते आणि विनोदाचा मोहरा मध्येच खर्ची पडतो. ‘बाईंच्या तासाला वर्गात फक्त घड्याळच मोठ्याने बोलायचे’ या वाक्यात ‘घड्याळ’ ऐकू आले की हसू फुटते आणि ‘मोठ्याने बोलायचे’ त्यात बुडते. तेच असे फिरवा: ‘बाईंच्या तासाला वर्गात मोठ्याने बोलायची हिंमत एकाचीच होती. घड्याळाची.’ हसवणारा शब्द शेवटी, त्याच्या आधी क्षणभर थांबणे, आणि त्यानंतर एकही शब्द नाही. संहितेतल्या प्रत्येक वाक्यावर हा एकच संस्कार केला तरी कार्यक्रम दुपटीने सुधारतो.

पद्य लिहिणार असाल तर यमकाच्या आधी वृत्त सांभाळा. यमक जुळवलेल्या लांब-आखूड ओळी मंचावर अडखळतात. वाचणारा घाई करतो आणि ऐकणाऱ्याला यमक कधी आले तेच कळत नाही. सगळ्यांच्या कानात बसलेली चाल घ्या. भुजंगप्रयात उत्तम: ओळीत १२ अक्षरे, लघु-गुरु-गुरु हा गट चार वेळा. मनाचे श्लोक याच वृत्तात असल्यामुळे दुसऱ्या ओळीपासून सभागृह आपोआप ठेका धरते. उदाहरणार्थ:

म्हणाले मुलांनो, वही आणली का?
घरी राहिलेली कुणी चोरली का?
नवी कारणे रोज आम्ही दिली हो
सरांनी हसूनी खरी मानली हो

पहिल्या दोन ओळी शिक्षकांच्या तोंडच्या, तिसरीत आपली फजिती, चौथीत मऊ उतार. चार ओळींना ही रचना पुरते. आठ ओळी केल्या तर मधल्या चार भरतीच्या होतात.

अभंगाचा सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा साचा त्याहून सोपा, कारण त्यात लघु-गुरु पाहावे लागत नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळवायचे आणि चौथ्या, आखूड चरणात ठोसा द्यायचा:

पुस्तक मागता । कपाट बघती ।
किल्ल्या त्या मोजती । बाई आधी ॥
मोजणी संपता । घंटाही वाजते ।
पुस्तक राहते । कपाटात ॥

चाल घ्या, पण एखाद्या आरतीचे किंवा स्तोत्राचे शब्द घेऊन देवाच्या जागी शिक्षकांचे नाव बसवू नका. कुणाच्या श्रद्धेला कुठे धक्का लागेल याचा अंदाज मंचावरून येत नाही, आणि मग चर्चा विनोदाची न होता त्याचीच होते.

सगळे एका सूत्रात ओवायला शाळेचाच एखादा आराखडा वापरा. परिपाठ, हजेरी, तास, मधली सुट्टी, ऑफ तास, शेवटची घंटा असा एक दिवस मांडला तर कोण आधी, कोण नंतर हा ज्येष्ठतेचा प्रश्न सुटतो. हजेरी फार उपयोगी: विद्यार्थी शिक्षक होऊन शिक्षकांचे नंबर पुकारतो, ते ‘हजर’ म्हणतात, आणि प्रत्येक नंबरवर एक शेरा. ज्यांना मंचावर यायला आवडत नाही तेही जागेवरून यात सामील होतात. दुसरा हमखास प्रकार म्हणजे शिक्षकांसाठी काढलेली प्रश्नपत्रिका. ‘जोड्या लावा’मध्ये डावीकडे वाक्ये आणि उजवीकडे नावे, ‘कोण कोणास म्हणाले’, ‘कारणे द्या: बाकांच्या शेवटच्या रांगेत वर्षभर कुणी बसले नाही’, ‘टिपा लिहा: सरांचा “शेवटचा मुद्दा”’. छापील प्रत हातात द्या. शेजारच्या शिक्षकांची बघून लिहिणारे दोन-तीन शिक्षक निघतातच, आणि त्यांना पकडणे हा वेगळा कार्यक्रम होतो. प्रश्न सातपेक्षा जास्त नकोत.

नकलेला संपूर्ण वेशभूषा लागत नाही. एक वस्तू, एक हातवारा, एक वाक्य, वीस सेकंद. चष्मा कपाळावर सरकवणे किंवा किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवणे एवढ्याने माणूस उभा राहतो. चालण्याची नक्कल टाळा. ती कधी शरीराची नक्कल होते ते करणाऱ्याला कळत नाही, बघणाऱ्याला लगेच कळते.

क्रम ठरवताना सुरुवात स्वतःवर हसणाऱ्या शिक्षकांपासून करा. सगळ्यात कडक शिक्षक तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर आणा. त्यांचे नाव येईपर्यंत सभागृह हातचे राखून हसते, कारण अर्धे लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे असते. ते हसले की पुढचा कार्यक्रम तुमचा. त्यांना शेवटी ठेवले तर तो ताण अर्धा तास पुरतो. एकाच सवयीचे दोन शिक्षक लागोपाठ नकोत. मुख्याध्यापकांना मध्ये कुठेतरी, इतरांएवढाच वेळ. वर्गशिक्षक शेवटी, आणि त्यांच्यावरच्या शेवटच्या दोन ओळी सरळ, विनोदाशिवाय.

तपासणी आणि तालीम

संहिता एका विश्वासातल्या शिक्षकांना पूर्ण वाचायला द्या. त्यांच्या स्वतःवरचे पान तेवढे काढून घ्या आणि ते त्यांच्या जवळच्या सहकाऱ्यांना दाखवा. स्टाफरूममधले जे तुम्हांला माहीत नसते ते त्यांना असते: कुणाच्या घरी नुकतेच काय झाले, कुणाचा कशावरून वाद चालू आहे. वर्गातही एक नियम करा की कुणीही कुठल्याही विनोदावर कारण न सांगता काट मारू शकतो. वाद घालायचा नाही, दुसरा लिहायचा. कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी संहिता कुलूपबंद, आणि आयत्या वेळी सुचलेले काहीही बोलायचे नाही. घोटाळे होतात ते बहुतेक याच जागी: पहिला हशा मिळाला की निवेदकाला स्फुरण चढते आणि कागदावर नसलेले वाक्य तोंडातून निघते.

कागद म्हटले ते शब्दशः. मोबाइलवरून वाचू नका. स्क्रीन विझते, फोन वाजतो, आणि मान खाली राहिल्याने आवाज माइकच्या बाहेर जातो. १६ ते १८ पॉइंटचा टाइप, एका बाजूला छपाई, पानांना क्रमांक, दोन प्रती. प्रत्येक शिक्षकाचे पान स्वतंत्र. याचा फायदा त्या दिवशी कळतो: कुणी आले नाहीत, कुणाच्या घरून वाईट बातमी आली, तर ते एक पान काढायचे आणि पुढे जायचे. सलग छापलेल्या संहितेत मधला परिच्छेद गाळताना निवेदक अडखळतो आणि सगळ्यांना समजते की इथे काहीतरी होते.

तालमी चार पुरे: एक घड्याळ लावून वाचन, दोन मंचावर, एक माइकसह. माइक तोंडापासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर, हनुवटीच्या किंचित खाली. स्पीकर माइकच्या पुढे आणि तोंड प्रेक्षकांकडे. माइक घेऊन कुणी स्पीकरसमोर गेला की शिट्टी वाजते. नाटुकल्यात माइक एकच असेल तर तो स्टँडवर ठेवा आणि बोलणाऱ्याने त्याच्याजवळ यावे. हातातून हातात फिरवला की प्रत्येक वाक्याची सुरुवात गायब होते.

हशा आला की थांबायचे. तो अर्ध्यावर उतरला की पुढचे वाक्य. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर चढलेली गाडी पुन्हा पहिल्यापासून ढकलावी लागते.

विनोद पडला तर समजावून सांगू नका, ‘हा विनोद होता’ असेही म्हणू नका, पुढचे पान घ्या. एखाद्या शिक्षकांचा चेहरा उतरलेला दिसला तर माइकवरून माफी मागू नका. ज्यांच्या लक्षात आले नव्हते त्यांनाही त्यामुळे कळते. कार्यक्रम संपल्यावर लिहिणारा आणि वाचणारा, दोघांनीच जाऊन बोलावे. प्रेक्षकांतून टोपणनावाचा घोष सुरू झाला तर निवेदकाने गप्प बसवायला जाऊ नये, संगीत लावून पुढचा प्रयोग सुरू करावा.

शिक्षकांच्या उत्तरासाठी पाच-सात मिनिटे राखून ठेवा आणि तसे त्यांना आधी सांगा. वर्षानुवर्षे तुमची कारणे ऐकलेली माणसे आहेत ती. बहुतेक वेळा कार्यक्रमातला सगळ्यात मोठा हशा तेच घेऊन जातात. हरायची तयारी ठेवा.

चित्रीकरण एकाच कॅमेऱ्यावर करा आणि बाकीच्यांना मोबाइल खिशात ठेवायला सांगा. सभागृहात गोड वाटलेली नक्कल पंधरा सेकंदांत कापून ग्रुपवर फिरली की तिच्या आधीची आणि नंतरची माया त्यात नसते. शिक्षकांचे बदललेले फोटो वापरू नका, आणि कुठलाही भाग बाहेर टाकण्याआधी ज्यांच्यावर तो आहे त्यांना विचारा. रंगीत कागदाचे तुकडे उधळणार असाल तर झाडू आणायची जबाबदारीही नावानिशी वाटून द्या. ज्या मावशींवर आत्ताच चार ओळी वाचल्या त्यांनाच रात्री ते गोळा करायला लागू नयेत.

शेवटी प्रत्येकाचे पान ज्याचे त्याला द्यायचे. छापील नको, सुवाच्य अक्षरात हाताने लिहून, खाली सगळ्या वर्गाच्या सह्या घेऊन. मराठीच्या बाईंचे पान मात्र देण्याआधी दोघांकडून तपासून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर ते तिथल्या तिथे लाल होऊन परत येईल.